वीण करणाऱ्या पक्ष्यांची जिल्हाभर मोजणी : चौकोन, फेऱ्या आणि पुरावा

खाडीकाठ :
सिंधुदुर्गात वीण करणाऱ्या पक्ष्यांची जिल्हाभर मोजणी करायचं घाटतंय. पक्ष्यांच्या याद्या भरपूर आहेत, पण त्या आंबोली, तिलारी, धामापूर आणि मालवणच्या किनाऱ्याभोवतीच फिरतात. वैभववाडीच्या आतल्या वाड्यांत, देवगडच्या आंब्याच्या कलमांत, कुडाळच्या भातशेतीत कोण घरटं करतं, याची नोंद जवळजवळ नाहीच. उद्या एखादा सडा (उघड्या कातळाचं पठार) खाणीला गेला तर तिथे काय होतं हे सांगायला कागद हवा.

तीन गोष्टी ठरत नाहीयेत. नकाशावर पाडायचे चौकोन किती मोठे घ्यायचे? फेऱ्या कधी करायच्या? आणि घरटं दिसलं नाही तर वीण नोंदवायची की नाही? सध्याचा विचार असा, की वर्षाला दोन-तीन तालुके घेऊन तीन वर्षांत आठही तालुके पुरे करायचे. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं.

सातवीण :
चौकोनाचा प्रश्न केरळने सोडवून ठेवलाय. २०१५ ते २०२० या काळात त्यांनी सगळ्या राज्याचा पक्षी-नकाशा केला. ६.६ किमी बाजूचा मोठा चौकोन, त्याचे चार भाग, आणि प्रत्येक भागातला १.१ किमीचा एक छोटा चौकोन सोडत काढून ठरवलेला. छोट्या चौकोनात दिसलेल्या-ऐकलेल्या पक्ष्यांच्या, १५ मिनिटांच्या चार याद्या, म्हणजे तासभराचं काम.

तुमच्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२०७ चौ. किमी. ६.६ च्या हिशेबाने साधारण १२० मोठे चौकोन होतात, म्हणजे ४८० छोटे. जमिनीचा नववा हिस्सा प्रत्यक्ष पाहिला जातो. एका फेरीला ४८० तास. दोघांची एक तुकडी सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत दोन छोटे चौकोन नीट करू शकते. तिसऱ्याचा मोह धरू नये, दहानंतर आवाज बसतात आणि तिसरा चौकोन कायम गरीब दिसतो.

राजापूरकर :
सोडतीचा मुद्दा अधोरेखित करतो. चौकोनात रस्ता नाही, कडा आहे, कंपनीचं कुंपण आहे, अशा वेळी पर्याय कोणता घ्यायचा हे आधी लिहून ठेवा. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने पहिला पोचता येईल तो शेजारी, बस. ‘पलीकडे देवराई आहे, तिथेच करू’ हे एकदा सुरू झालं की सगळा जिल्हा देवराईसारखा दिसायला लागतो.

घाटवाट :
तालुकावार करू नका! एका वर्षी पाऊस लांबला आणि त्या वर्षी नेमके दोडामार्ग-सावंतवाडी केले, तर दिसलेला फरक तालुक्याचा की पावसाचा, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही. ४८० चे तीन भाग करा, दर वर्षी १६०, पण ते आठही तालुक्यांत विखुरलेले. प्रवास वाढतो हे खरं, तरी दुसरा इलाज नाही. १६० चौकोन म्हणजे फेरीला ८० सकाळी. पंधरा तुकड्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला पाच-सहा.

कांदळ :
+१ घाटवाट.

माडबन :
फेऱ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. केरळची दुसरी फेरी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत होती. कोकणात जुलैत छत्री उलटी होते, वही भिजते आणि १५ मिनिटांत दहा मिनिटं पावसाचाच आवाज. त्यापेक्षा मार्च ते मे याच काळात दोनदा फिरावं. ब्रिटनची प्रसिद्ध वार्षिक मोजणीसुद्धा एप्रिल ते जून अशी दोन भेटींतच होते.

सातवीण :
माडबन, तिकडे बहुतेक सगळी वीण वसंतात एकवटलेली असते. आपल्याकडे वर्षभर कोणाचं ना कोणाचं घरटं चालू असतं. समुद्री गरुड ऑक्टोबरच्या आसपास घरट्यावर येतो. धनेश, तांबट, कुटुर्गा, सुतार फेब्रुवारी ते मे. टिटव्या उन्हाळ्यात. आणि बगळे, सुगरण, मुनिया, वटवट्या, पाणकोंबडी, नवरंग, तिबोटी खंड्या ही सगळी मंडळी पावसावर. मार्च-मेच्या दोन फेऱ्यांत भातशेतीचा निम्मा संसार सुटून जाईल, आणि केरळची कोरडी फेरी जानेवारी-मार्चची असल्याने ती जशीच्या तशी उचलूनही भागणार नाही. त्यांचा उद्देश कोण कुठे आणि किती हा होता, वीण हा नव्हता.

माझ्या मते चौकोनांच्या दोन फेऱ्या : १ मार्च ते १० मे, आणि २० जून ते ३१ ऑगस्ट. मोठी घरटी आणि वसाहती यांचा शोध वेगळा, चौकोनाच्या बाहेर.

व्हाळकाठ :
पावसातली फेरी व्हयीच. पण आमच्या हय व्हाळापलीकडचो (ओढ्यापलीकडचो) चौकोन घेतलास आणि पानी चढला, तर परत येवक गावना नाय. चौकोन वाटताना साकव (लहान पूल) खय आसा तो आधी बघा.

तिबोटी :
व्हाळकाठ यांचं शंभर टक्के बरोबर. पावसाळी फेरीसाठी काही नियम आधीच ठरवले तर माडबन यांची अडचण बरीचशी सुटते.

पाऊस इतका, की ३० मीटरवरची वटवट्याची हाक ऐकू येत नाही, तर ती यादी रद्द. अर्धवट मिनिटं जोडून १५ करायची नाहीत, पुन्हा शून्यापासून. व्हाळाच्या खळखळाटापासून किमान ५० मीटर बाजूला उभं राहायचं. दर दोन ठरलेल्या सकाळींमागे एक सकाळ राखीव ठेवा, ती लागतेच. कागदाऐवजी पेन्सिल आणि खरखरीत प्लास्टिकची पाटी वापरा. फोन झिपच्या पिशवीत ठेवला तरी दुर्बिणीवर बाष्प येतंच, म्हणून आतल्या खिशात सुती फडकं.

तिबोटी खंड्याबद्दल विशेष : त्याची हाक फार बारीक, वरच्या पट्टीतली शीळ असते. वय वाढलं की तो पट्टा कानाला आधी सोडून जातो. प्रत्येक तुकडीत एक तरुण कान हवाच. बीळ व्हाळाच्या किंवा रस्त्याच्या कडेला कापलेल्या मातीच्या दरडीत असतं. तोंडाशी ताजी माती किंवा शिटेचा पांढरा ओघळ दिसला की लांब जाऊन बसा. सापसुरळी किंवा खेकडी चोचीत धरून पक्षी समोरच्या फांदीवर नुसताच बसून राहिला, आत जात नाही, तर आपण फार जवळ आहोत. लगेच मागे व्हायचं.

राजापूरकर :
आणि त्याची हाक फोनवर वाजवायची नाही. नवरंग, पिंगळा, रातवा, कोणाचीच नाही. विणीच्या दिवसांत नर आपली जागा राखायला धावून येतो, तेवढा वेळ घरटं उघडं पडतं. शिवाय मोजणीही बिघडते, कारण शेजारच्या चौकोनातला पक्षी आत येतो.

खाडीकाठ :
माहितीबद्दल मनापासून आभार. पुराव्याचं कोणी सांगेल का? घरटं दिसणं दर वेळी शक्य नाही आणि शोधत बसणंही बरं नाही.

सातवीण :
तीन पायऱ्या ठेवा : शक्य, बहुधा, नक्की.

योग्य काळात, योग्य अधिवासात पक्षी दिसला किंवा नर गाताना ऐकला तर ‘शक्य’. त्याच जागी आठवडाभराने पुन्हा गाताना मिळाला, जोडी दिसली, प्रणयाराधन दिसलं तर ‘बहुधा’. चोचीत चारा घेऊन एकाच दिशेने पुन्हा पुन्हा जाणं, पिलांच्या विष्ठेची पांढरी पुडी बाहेर नेणं, लंगडल्याचं सोंग, नुकतं बाहेर पडलेलं आखूड शेपटीचं पिलू, चालू घरटं, ही ‘नक्की’. घरट्यात डोकावायची गरज क्वचितच पडते. विष्ठेची पुडी हा सगळ्यात निर्धोक पुरावा आहे आणि लोक तोच पाहत नाहीत, कारण पक्षी घरट्यातून निघाला की दुर्बीण खाली येते.

काडी नेणं मात्र जपून. कावळा काड्या पळवतो, घार चिंध्या उचलते.

कांदळ :
खंड्याचा एक बारकावा. स्वतः खायचं असेल तर तो मासा आपटून डोकं घशाकडे करून गिळतो. माशाचं डोकं चोचीतून बाहेर, पुढच्या बाजूला असेल, तर तो मासा दुसऱ्याला भरवायचा आहे. अशा वेळी तो कोणत्या दरडीकडे जातो ते पाहा. मादीला भरवणं आणि पिलांना भरवणं यांत फरक करायला मात्र दुसरी खेप पाहावीच लागते.

घाटवाट :
फसवणारे पाहुणे विसरू नका. मार्च-एप्रिलमध्ये हिवाळी वटवटे निघायच्या आधी गायला लागतात. गाणं ऐकलं म्हणून ‘शक्य’ टाकायचं नाही. जिल्ह्यात वीण करत असल्याची खात्री आहे अशा जातींची यादी आधी बनवा, बाहेरचं नाव आलं की नोंदीच्या अर्जावर लाल खूण आणि दुसऱ्याने तपासणी.

तसंच मे महिन्यात खाडीवर तांबूस पाठीचे वंचक आणि तुरेवाले बगळे दिसतात. पिसारा विणीचा, पण वसाहत दुसऱ्याच गावात असू शकते. ब्राह्मणी घारीची तपकिरी पिल्लं जन्मगावापासून लांबवर फिरतात, तीही पुरावा धरू नयेत. उलट कावळा कोकिळेच्या पिलाला भरवताना दिसला तर एका नोंदीत दोन जाती ‘नक्की’. सातभाई आणि चातकाचंही तसंच.

माडबन :
सुगरणीचं काय? एका माडावर ३० खोपे लटकतात. ३० जोड्या धरायच्या?

तिबोटी :
नाही. नर एकामागून एक खोपे विणतो आणि पुष्कळसे अर्ध्यावर सोडतो. मधे आडवी दोरी असलेला, खालून उघडा, शिरस्त्राणासारखा खोपा म्हणजे मादीने अजून पसंत केलेला नाही. मादीने होकार दिला की अंड्यांची खोली बंद होते आणि लांब नळी उतरते. म्हणून तीन आकडे वेगळे लिहा : अर्धे, नळीवाले, आणि गेल्या वर्षीचे काळपट-तपकिरी. नळीवाल्यांपैकी मादी आत-बाहेर करताना दिसलेले किती, तेही. जोड्यांचा अंदाज त्यावरूनच. विहिरीवर झुकलेल्या माडावरचे खोपे पलीकडच्या काठावरून मोजावेत, खालून मोजले की एकामागे एक लपतात.

सडेकर :
सड्याबद्दल लिहितो, कारण तिथे मोजणारा सर्वांत जास्त नुकसान करू शकतो.

टिटवी, माळटिटवी, मलबारी चंडोल, तिरचिमणी, रातवा ही मंडळी उघड्या कातळावर किंवा सुक्या गवतात अंडी घालतात. एप्रिलमध्ये नऊनंतर कातळ इतका तापतो की आई उठली तर अंडं शिजतं. टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला जितकी, तितकीच सावली द्यायला. म्हणून सड्यावरचे चौकोन आधी, साडेआठच्या आत उरकायचे. पक्षी वाकून चोरपावलांनी धावला आणि मग उडाला, तर घरटं जिथून धावला तिथे आहे, उडाला तिथे नाही. त्या दिशेने चालायचं नाही. ८०-१०० मीटर मागे येऊन झुडपाआड खाली बसा. दहा मिनिटांत तो टप्प्याटप्प्याने परत येतो, थांबतो, पिसं फुलवतो आणि हळूच बसतो. बसला की ‘नक्की’. बस, उठून निघायचं.

खुणेचा दगड ठेवू नका, चुन्याची रेघ नको. कावळे माणसाच्या मागावर असतात, आपण वाकून पाहिलेली जागा ते नंतर तपासतात. अर्जात सडा कधी जाळला, चिरेखाण किती लांब, गुरं किती, हे रकाने हवेत. बंद पडलेल्या खाणीच्या कपारीत शृंगी घुबड असू शकतं, काठावरून डोकावण्याआधी समोरच्या बाजूने दुर्बीण लावा.

कांदळ :
खारफुटीचे चौकोन होडीतून करावे लागतील आणि तेही भरतीला, ओहोटीला फाट्यांत शिरता येत नाही. सकाळची भरती हवी तर कोळ्यांचा जुना हिशेब धरा : तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. दोन्ही पक्षांत याच तिथ्या सोयीच्या. पाणी भांगेचं (लहान भरती-ओहोटीचं) असल्याने ओढही कमी असते, होडी एका जागी राहते. अमावास्या-पौर्णिमेची उधाणाची भरती दुपारकडे येते, तेव्हा पक्षी गप्प. इंजिन बंद करून वल्ह्यावर. आणि नकाशात समोरासमोर दिसणारे दोन चौकोन खाडीच्या दोन तीरांवर असतील तर एकाच तुकडीला देऊ नका, पूल कुठल्या कुठे असतो.

खाडीकाठ :
तिथ्यांप्रमाणे वेळापत्रक लावतो. समुद्री गरुड आणि धनेश वेगळे शोधायचे म्हणजे नेमके कसे?

सातवीण :
विचारून. माडावर चढणारे पाडेली, कलमांची फवारणी करणारे, देवस्थानाचे मानकरी, रापणीवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), यांना प्रत्येक झाड माहीत असतं. फक्त नाव घेऊन विचारू नका. पुष्कळ गावांत धनेशालाच गरुड म्हणतात. दोघांचे फोटो दाखवा, एखादा इथे नसणाऱ्या पक्ष्याचाही घाला. त्यालाही ‘हो, आहे’ म्हटलं तर ती माहिती कच्ची.

समुद्री गरुडाचं घरटं म्हणजे आंबा, पिंपळ, सुरूच्या शेंड्याजवळ काटक्यांचा मोठा ढीग, वर्षानुवर्षं डागडुजी होऊन वाढत गेलेला. एका जोडीची दोन घरटी असू शकतात, म्हणून ढीग मोजून जोड्या होत नाहीत. हिरवा पाला नव्याने आणलेला दिसतो का, बुंध्याशी माशांचे काटे आणि समुद्री सापांचे सांगाडे ताजे आहेत का, हे पाहा. जानेवारी-फेब्रुवारीत २०० मीटरवरून टेलिस्कोप लावला तर पिलू काठावर दिसतं.

धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते. त्या दिवसांत नुसते नर दिसतात, म्हणून ‘संख्या निम्मी झाली’ असा निष्कर्ष काढू नये. एकटा नर रोज एकाच वाटेने उंबर-वडाची फळं घेऊन जात असेल तर बेहडा, सातवीण, जुना आंबा असे ढोलीचे वृक्ष तपासा. ढोलीच्या चिरेखाली शिटेचा ओघळ आणि बुंध्याशी उगवलेली फळझाडांची रोपं हमखास दिसतात. नर फळ घेऊन थबकला तर निघून यायचं. तो आला नाही तर आत मादी आणि पिल्लं दोन्ही उपाशी.

राजापूरकर :
बगळ्यांच्या वसाहती विसरू नका. गावातल्या चिंचेवर, पिंपळावर, बाजाराच्या आंब्यावर असतात. जुलैच्या मध्याला एकदा, ऑगस्टच्या अखेरीस एकदा, दोन्ही वेळा त्याच दोन-तीन ठरलेल्या जागांवरून. शेजारच्या घराच्या गच्चीवरून मोजणं उत्तम, खालून पानांआड घरटी सुटतात. गाय बगळा, छोटा बगळा, रातढोकरी, पाणकावळा वेगवेगळे लिहा. वासामुळे गावकरी फांद्या तोडतात, तेही कधीकधी पिल्लं असताना. तोडलेली फांदी दिसली तर तारीख आणि कारण नोंदवा, पुढे ग्रामपंचायतीशी बोलायला तेच उपयोगी पडतं.

घाटवाट :
परवानगी आणि गुप्तता. राखीव वन आणि अभयारण्यात वनविभागाचं पत्र हवं, कलमांत मालकाचं किंवा राखणदाराचं तोंडी तरी. फवारणीच्या दिवशी बागेत जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं, हे स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी सांगा.

वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या पाकोळ्यांची घरटी चोरीला गेलेली आहेत, ती गोष्ट लक्षात ठेवा. पाकोळी, समुद्री गरुड, धनेश, तिबोटी, घुबडं यांची जागा जाहीर नकाशात ६.६ च्या चौकोनापलीकडे बारीक दाखवू नये. मूळ अक्षांश-रेखांश एकाच माणसाकडे, आणि घरट्याचा फोटो कोणत्याही गटावर नाही.

माडबन :
पावसाळी फेरीबद्दल माझा विरोध मागे घेतो, तिबोटी यांचे नियम पाळले तर. एक सूचना : सुरुवातीची वेळ घड्याळावर ठेवू नका, सूर्योदयावर ठेवा. जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास येतो, मार्चच्या आरंभी पावणेसातनंतर. ‘सकाळी सात’ असं ठरवलं तर पावसाळी फेरीचा पहिला तास फुकट जातो.

खाडीकाठ :
मग असं ठरवतो. ४८० छोटे चौकोन, सोडतीने; वर्षाला १६०, आठही तालुक्यांत; दोन फेऱ्या सातवीण यांच्या तारखांना; मोठी घरटी आणि वसाहती स्वतंत्र. तालुकावार बेत रद्द. एक राहिलं : किनाऱ्यावरच्या चौकोनांत अर्धा समुद्रच आहे. तिथे काय?

सातवीण :
छोट्या चौकोनात निम्म्याहून जास्त जमीन असेल तर चारही याद्या. निम्म्याहून कमी असेल तर दोन, आणि अर्जावर जमिनीचा अंश लिहायचा, म्हणजे हिशेब तासावर करता येतो. नुसती पुळण (किनाऱ्याची वाळू) आणि खडक असेल तर घड्याळाच्या दिशेचा शेजारी. खाडीचं पाणी मात्र समुद्रात धरू नका, खारफुटी हा पूर्ण अधिवास आहे.

व्हाळकाठ :
कणकवली-वैभववाडीकडचे साकव आणि पावसात बंद पडणारे रस्ते मी नकाशावर मारून देतंय. चौकोनांची फाइल धाडा. रेंज नसता, म्हणून फोनात आधीच उतरून ठेवूची लागतली.

खाडीकाठ :
सोडत काढली की चौकोनांची केएमएल (फोनच्या नकाशावर उघडणारी) फाइल इथेच टाकतो. छापील नकाशाही प्रत्येक तुकडीला देऊ.